पेरणीच्या यादीत जनावराचा वाटा लिहा



मृग जवळ आला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी एकच बोलणं असतं. पऱ्हाटीच्या बॅगा किती आणायच्या, सोयाबीन किती एकर, तुरीच्या ओळी किती, खताची पोती किती. नेरपासून झरी जामणीपर्यंत आणि वणीपासून उमरखेडपर्यंत ही यादी जवळजवळ सारखीच असते. कोठ्यातली बैलजोडी आणि गाय वर्षभर काय खाणार, हे मात्र त्या यादीत बहुतेक कोणी लिहीत नाही. पावसाळ्यात धुऱ्यावरचं गवत, दिवाळीनंतर सोयाबीनचं कुटार आणि पुढे जे मिळेल ते, असं आपण धरून चालतो. मार्च उजाडेपर्यंत कुटार संपतं. एप्रिल-मे महिन्यांत एकतर महागाचा चारा विकत घ्यावा लागतो, नाहीतर बैल बाजारात न्यावा लागतो. उन्हाळ्यात पडत्या भावाने विकलेला बैल जूनमध्ये चढ्या भावाने घेताना कंबर मोडते.

म्हणून एकच विनंती करतो. पेरणीची यादी करताना पहिल्या ओळीत चारा लिहा. उरलेल्या जमिनीत कापूस, सोयाबीन, तूर जे घ्यायचं ते घ्या.

चारा गेला कुठे

आपल्या आज्या-पणज्यांना वेगळा चारा पेरावा लागत नव्हता. ज्वारी घरोघरी होती. माणसाला भाकर आणि जनावराला कडबा एकाच पिकातून मिळत होता. आपल्याच पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. त्यांच्या काळात संकरित ज्वारी महाराष्ट्रभर पसरली आणि दुष्काळाच्या दिवसांत तिने लोकांना खायला घातलं. तिचं ताट गावरान ज्वारीपेक्षा बुटकं होतं, तरी कडबा मिळतच होता. पुढे ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. २००२ नंतर बीटी कापसाने वावरं व्यापली. त्यात पाखरं, रानडुकरं आणि रोही यांच्या त्रासाने उरलेल्यांनीही ज्वारीचा नाद सोडला. पऱ्हाटी चुलीत जळते, पण बैलाच्या पोटात भर घालत नाही. ज्या गावात सत्तर टक्के वावर कापसाखाली असतं, त्या गावात चारा कमी पडणारच.

दुसरी गोष्ट धुऱ्यांची. पूर्वी निंदणाचं गवत आणि धुऱ्यावरचं हिरवं गवत यांवर घरची गाय पावसाळाभर जगत असे. आता मजूर मिळत नाही म्हणून आपण तणनाशक मारतो, आणि पंप हातात आहे म्हणून धुऱ्यावरही एक हात फिरवतो. मजुरीचा खर्च वाचला, पण चार महिन्यांचा फुकट चारा आपण स्वतःच्या हाताने जाळला.

तिसरी गोष्ट गावच्या ई-क्लास, म्हणजे चराऊ, जमिनीची. कुठे अतिक्रमण झालं, कुठे नुसती मुरमाड जमीन उरली. राहिलं जंगल. तिथे जनावरं नेणं किती जोखमीचं आहे, हे पांढरकवडा आणि राळेगावच्या लोकांना सांगायला नको. टी-१ म्हणजे अवनी वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारली गेली. त्याआधीची दोन वर्षं तिथल्या गायक्यांनी आणि शेतकऱ्यांनी तिच्या भीतीने जीव मुठीत धरून काढली. टिपेश्वरच्या रानात आजही वाघ आहेत आणि ते राहणारच आहेत. घराजवळ चारा असेल, तर गुरांमागे रानात जाण्याची वेळ कमी येईल. आणि आपल्या आया-बहिणींचाही विचार करा. दिवसभर निंदण करून परत येताना डोक्यावर गवताचा भारा आणण्याचं काम बहुतेक घरांत त्यांच्याच वाट्याला येतं. कोठ्यामागच्या पाच गुंठ्यांत चारा उभा असेल, तर त्यांची रोजची पायपीट वाचेल.

२००६ सालचा धडा

आधी चारा आणि मग जनावर, हा क्रम उलटा केला की काय होतं, हे आपल्या जिल्ह्याने एकदा पाहिलं आहे. शेतकरी आत्महत्या वाढल्यावर डिसेंबर २००५ मध्ये राज्य सरकारने आणि जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी पॅकेज जाहीर केलं. यवतमाळसह अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा आणि वर्धा हे सहा जिल्हे त्यात होते. शेतीला जोडधंदा मिळावा म्हणून दुधाळ गाई निम्म्या अनुदानावर देण्यात आल्या. हेतू चांगला होता. पण कोरडवाहू कापूस पिकवणाऱ्या घरात भरपूर खाणारी संकरित गाय आली, तेव्हा वावरात चाऱ्याचं एक ताटही नव्हतं. ढेप विकत, चारा विकत, पाणी दुरून. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा विदर्भात फिरून या गाईंची हकिकत लिहिली. गाईचं खाणं घरच्या कमाईपेक्षा जड झालं, म्हणून लोक तिला विकायला किंवा दुसऱ्याच्या दावणीला बांधायला निघाले होते.

दोष गाईचा नव्हता आणि घेणाऱ्याचाही नव्हता. चाऱ्याची सोय आधी व्हायला हवी होती. आजही गाय, म्हैस किंवा शेळीगटाच्या योजना येतात. तुम्ही अर्ज भरणार असाल, तर आधी चाऱ्याचा तुकडा पेरा. तो हाताला आला की मग जनावर आणा.

आपल्या दावणीचा हिशेब

हा हिशेब कागदावर मांडून पाहा. एका मोठ्या जनावराला रोज साधारण पाच ते सहा किलो वाळला आणि पंधरा ते वीस किलो हिरवा चारा लागतो. एक बैलजोडी आणि एक गाय धरली, तर वर्षाला वाळला चारा सुमारे ६५ क्विंटल होतो. हिरवा चारा रोज ४५ किलो. पावसाळ्याचे चार महिने गवतावर निघाले, तरी उरलेल्या आठ महिन्यांसाठी जवळपास ११ टन हिरवा चारा लागेल.

आता घरात काय आहे ते बघा. सोयाबीनचं कुटार ढोबळ मानाने दाण्याच्या वजनाइतकं निघतं. एकरी सात क्विंटल पिकलं, तर तीन एकरांत २१ क्विंटल कुटार. तूर आणि हरभऱ्याचं कुटार आठ-दहा क्विंटल. म्हणजे एकूण तीसेक क्विंटल. गरज ६५ ची. उरलेले ३५ क्विंटल कुठून येणार? हा खड्डा आपण दरवर्षी मे महिन्यात पैसे मोजून भरतो, नाहीतर जनावराची हाडं वर येऊ देतो.

उंच ताटाच्या ज्वारीचा कडबा एकरी वीस ते पंचवीस क्विंटल निघू शकतो. म्हणजे एकर-दीड एकर ज्वारीने हा खड्डा बुजतो, आणि वर भाकरीची ज्वारी घरात येते ती वेगळी.

ज्याच्याकडे पाणी नाही

आपल्या जिल्ह्यात बहुतेक शेती कोरडवाहू आहे. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

भारी जमीन असेल, तर सोयाबीन निघाल्यावर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जमिनीतल्या ओलीवर रब्बी ज्वारी पेरा. मालदांडी ३५-१ किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही क्रांती असे वाण दाणा आणि कडबा दोन्हींसाठी चांगले. यात खरिपाच्या नगदी पिकाचा एक गुंठाही कमी होत नाही. सोयाबीनच्या मागे सगळा हरभराच घेण्याऐवजी काही भाग ज्वारीला द्यायचा, एवढंच. पाखरांची अडचण खरी आहे. एकट्याने अर्धा एकर ज्वारी पेरली, तर सगळ्या शिवाराची पाखरं त्यावर येतात. म्हणून शेजारच्या चार-पाच जणांनी बोलून एकाच पट्ट्यात, एकाच आठवड्यात पेरा. नुकसान वाटलं जातं आणि राखणही पाळीपाळीने करता येते. तेही जमत नसेल, तर निव्वळ चाऱ्यासाठी ज्वारी पेरा आणि फुलोऱ्यात कापा. दाणा भरायच्या आतच पीक निघालं की पाखरांचा प्रश्नच उरत नाही. चाऱ्यासाठी एकरी साधारण १६ किलो बी लागतं.

खरिपात ज्वारी किंवा मक्याबरोबर चवळी मिसळून पेरा. ज्वारी-मक्याने पोट भरतं, पण अंगात ताकद यायला प्रथिनं लागतात आणि ती चवळीसारख्या द्विदल चाऱ्यात असतात. चवळीमुळे जमिनीलाही नत्र मिळतं.

हलक्या, मुरमाड तुकड्यात दरवर्षी तोट्याचा कापूस लावण्यापेक्षा मारवेल गवत आणि स्टायलो लावा. मारवेल आपल्या मातीतलंच गवत आहे आणि स्टायलो द्विदल आहे. एकदा लागले की दोन्ही काही वर्षं टिकतात. पहिल्या वर्षी चराई करू नका, बी पडू द्या. धुऱ्यावर शेवरी आणि सुबाभूळ लावली, तर उन्हाळ्यात जेव्हा कुठेच हिरवं दिसत नाही तेव्हा पाला मिळतो.

ज्याच्याकडे पाणी आहे

विहिरीला फेब्रुवारी-मार्चपर्यंत पाणी टिकत असेल, तर कापसाच्या फरदडीचा मोह सोडा. डिसेंबरअखेर कापूस संपवला की गुलाबी बोंडअळीची साखळी तुटते, हे २०१७ च्या नुकसानीनंतर कृषी विभाग दरवर्षी सांगत आला आहे. मोकळ्या झालेल्या वावरात आफ्रिकन टॉल मका पेरा. चाऱ्यासाठी एकरी ३० किलो बी लागतं आणि ६५ ते ७५ दिवसांत चारा कापणीला येतो. म्हणजे ऐन एप्रिलच्या तोंडावर हिरवा चारा हातात. हिवाळ्यात ओट घेता येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरला की पन्नास-पंचावन्न दिवसांत पहिली कापणी मिळते आणि तो पुन्हा फुटतो. लसूण घासही याच दिवसांत पेरतात. पहिली कापणी दीड महिन्याने आणि पुढे दर महिन्याला. दुधाच्या जनावराला लसूण घासासारखं दुसरं खाणं नाही. तो असेल तर ढेपेवरचा खर्चही कमी होतो.

बारमाही पाणी असेल, तर दहा गुंठे संकरित नेपियरला द्या. फुले जयवंत, को-४, को-५ हे वाण आता बऱ्याच ठिकाणी आहेत. बी विकत घ्यायची गरज नाही, दोन डोळ्यांची कांडी लावायची. तीन फूट बाय दोन फुटांवर लावली तर दहा गुंठ्यांना अठराशे-एकोणीसशे कांड्या पुरतात. पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, नंतर दर सहा ते आठ आठवड्यांनी. जमिनीपासून वीतभर वर कापा, म्हणजे फुटवे जोमाने येतात. प्रत्येक कापणीनंतर शेणखत आणि पाणी द्या. नीट सांभाळलं तर एका गुंठ्यातून वर्षाला एक टन हिरवा चारा धरायला हरकत नाही. दहा गुंठ्यांत दहा टन, म्हणजे वर सांगितलेल्या तीन जनावरांची आठ महिन्यांची गरज जवळजवळ भागली. बेंबळा, अरुणावती, पूस या प्रकल्पांच्या कालव्याखाली ज्यांची जमीन आहे, त्यांनी तर हे टाळूच नये.

चारा एकदम जास्त झाला, तर वाळवत बसू नका, मुरघास करा. मक्याचे दाणे दुधातून चिकात जात असताना कापा, बारीक कुट्टी करा, पिशवीत किंवा खड्ड्यात थरावर थर देऊन पायाने घट्ट दाबा आणि हवा जाणार नाही असं बंद करा. दीड महिन्याने उघडलं की आंबूस-गोड वासाचा चारा मिळतो आणि तो उन्हाळाभर टिकतो. हवा राहिली तर बुरशी येते. म्हणून सगळी मेहनत दाबण्यात आहे.

आहे ते वाया घालवू नका

नवा चारा पेरण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे घरचं कुटार आणि कडबा जपणं. थ्रेशरच्या मागे पडलेलं सोयाबीनचं कुटार कित्येक जण वावरातच पेटवून देतात. ते पेटवू नका. झाकून ठेवा, कारण अवकाळी पावसात भिजलं की त्याला बुरशी लागते आणि ते जनावराच्या कामाचं राहत नाही. तुरीचं आणि हरभऱ्याचं कुटार वेगळं ठेवा. ते शेळ्यांना आणि गाभण गाईला द्या.

कडबा अख्खा टाकला की जनावर पाला खातं आणि ताट पायाखाली तुडवतं. कुट्टी करून दिला तर चौथा हिस्सा तरी वाचतो. यंत्र एकट्याने घेणं जड जात असेल, तर बचत गटाने किंवा चार घरांनी मिळून घ्या.

निकस कुटार-कडब्यात कस आणायची एक साधी रीत आहे. शंभर किलो वाळल्या चाऱ्याला चार किलो युरिया चाळीस ते पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडा, दाबा आणि ताडपत्रीने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवा. काढल्यावर तासभर मोकळ्या हवेत पसरा आणि थोड्या थोड्या चाऱ्यापासून सवय लावा. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला तो देऊ नका. युरियाचं पाणी जनावराच्या तोंडाला लागेल असं उघडं ठेवू नका, ते जीवघेणं विष आहे.

या चुका जिवावर बेततात

कोवळी ज्वारी जनावराला कधीही चारू नका. गुडघाभर ताटात, विशेषतः पावसाचा ताण पडून सुकलेल्या किंवा कापल्यावर नव्याने फुटलेल्या ज्वारीत, विषारी द्रव्य असतं आणि काही मिनिटांत जनावर पडतं. निम्मं पीक फुलावर आल्याशिवाय कापू नका. लसूण घास किंवा चवळी नुसती आणि ओली खाऊ घातली की पोट फुगतं. ती आदल्या दिवशी कापून सुकवा आणि कुट्टीत मिसळून द्या. सुबाभळीचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमीच ठेवा. नेपियर रोज देत असाल, तर सोबत क्षार मिश्रण द्या.

फवारणी केलेल्या कापसातलं गवत कापून आणू नका. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात माणसं दगावली. ते औषध गवतावरही बसतं आणि मग गाईच्या पोटात जातं. काही झालंच, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा.

गावाने मिळून करायचं काम

काही कामं एकट्याची नाहीत. ई-क्लास जमिनीवर गवत वाढवायचं ठरलं, तर ग्रामसभेत ठराव हवा. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. मोकळी गुरं सोडणं बंद केलं आणि वाढलेलं गवत कापून न्यायची मुभा दिली. पाणलोटाच्या कामांबरोबर गवत वाढलं आणि गावात दूधही वाढलं. आपल्याकडे पाऊस हिवरे बाजारपेक्षा कितीतरी जास्त पडतो. सगळी जमीन एकदम बंद करू नका, त्याने शेळ्या पाळणाऱ्या आणि भूमिहीन घरांचे हाल होतील. तिसरा हिस्सा आळीपाळीने बंद ठेवा आणि गवत कापण्याचा पहिला हक्क त्या घरांना द्या.

उन्हाळ्यात धुरे पेटवणं थांबवा. आणि ज्याच्याकडे नेपियर आहे त्याने कापणीच्या वेळी शेजाऱ्याला दोनशे कांड्या फुकट द्याव्यात. एका हंगामात गावभर बेणं होतं.

आपल्याच जिल्ह्यातले सुभाष शर्मा यांना नैसर्गिक शेतीसाठी २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. गाय त्यांच्या शेतीचाच एक भाग आहे. कोठ्यात जनावर टिकलं तर उकिरडा भरतो, उकिरडा भरला तर वावरात शेणखत पडतं आणि विकतच्या खताची पोती कमी होतात. चारा नसल्यामुळे जनावर गेलं की ही सगळी साखळी तुटते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाला जेवणाचं आवतण देतो, खांदे शेकतो, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी भरवतो. ते मनापासून करतो, त्यात शंका नाही. पण बैलाला उरलेले ३६४ दिवसही खायचं असतं.

तेव्हा यंदा एवढं करा. आज संध्याकाळी घरच्या सगळ्यांनी बसून आपल्या दावणीचा हिशेब मांडा. बियाण्याच्या दुकानात जाताना चाऱ्याच्या बियाची ओळ यादीत असू द्या. वाण आणि बेणं यांसाठी यवतमाळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात चौकशी करा. दीड एकर जमत नसेल तर अर्धा एकर, दहा गुंठे जमत नसतील तर पाच गुंठे, पण या खरिपात जनावराचा वाटा काढल्याशिवाय पेरणी करू नका.